समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ की मानसोपचारतज्ज्ञ? भावाला आधी कुणाकडे नेऊ?

अबोली_फोंडा
नमस्कार सगळ्यांना. महिनाभर लिहू की नको चाललंय माझं, आज लिहून टाकते. माझा धाकटा भाऊ, २७ वर्षांचा, क्रूझवर दोन कॉन्ट्रॅक्ट करून मे महिन्यात घरी आला. पहिले आठ-दहा दिवस वाटलं दमलाय, झोपू दे. आता पाच महिने झाले. रात्री तीन-साडेतीनपर्यंत जागा, दुपारी दोनला उठतो, ताटातलं अर्धं तसंच ठेवतो, मित्र आले की आईला सांगायला लावतो घरी नाही म्हणून. चवथीच्या आरत्यांना आमच्या वाड्यावर घुमट, ते मातीचं वाद्य, त्याच्याच हातात असायचं, शाळेत होता तेव्हापासून. यंदा बाहेर आरती सुरू झाली आणि हा आतल्या खोलीत कडी लावून बसला. आईने तीनदा दार वाजवलं मग तीही गप्प झाली.

आईने देवळात जाऊन कौल घेतला, गाऱ्हाणं घातलं. त्याला माझा विरोध नाही, तिला तेवढंच बळ येतं. बाबा म्हणतात लग्न करून द्या. मागच्या आठवड्यात मी त्याच्याशी नीट बसून बोलले तेव्हा तो म्हणाला कुणाशी तरी बोलायला तयार आहे, "पण वेड्यांच्या डॉक्टरकडे नको." तेव्हापासून मी शोधतेय आणि डोकं फिरायची वेळ आलीय. सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट, कौन्सेलर, थेरपिस्ट, लाइफ कोच, हीलर, सगळ्यांच्या पाट्या सारख्याच दिसतात. आधी कुणाकडे जायचं? माणूस खरा शिकलेला आहे हे कसं ओळखायचं? किती वेळा जावं लागतं, किती पैसे? आणि गावात कळणार नाही ना, हे तो रोज विचारतो.

म्हादई
बरं केलंस विचारलंस. वाचतेय मीही. आमच्याकडेही थोडं असंच आहे.

केवडा
अबोली, मी निवृत्त परिचारिका, सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली, त्यातली काही मानसोपचार वॉर्डात. आधी पाट्यांचा गोंधळ सोडवू.

सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. हा डॉक्टर असतो, एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा डिप्लोमा किंवा डीएनबी केलेला. औषध लिहून देतो, रक्त तपासायला सांगतो, गरज पडली तर ॲडमिट करतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा डॉक्टर नाही, त्याने बहुतेक वेळा मानसशास्त्रात एमए करून वर दोन वर्षांचं एमफिल केलेलं असतं, ते इस्पितळात पेशंट बघत केलेलं असतं, आणि त्याची आरसीआयकडे म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो चाचण्या घेतो, थेरपी देतो, औषध लिहून देऊ शकत नाही. कौन्सेलर म्हणजे समुपदेशक. यात सगळ्या प्रकारची माणसं असतात, दोन वर्षं एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेली चांगली मुलं-मुलीही असतात आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स केलेलीही असतात. थेरपिस्ट हा शब्द कुणीही लावतो, त्यावरून काहीच कळत नाही. लाइफ कोच, हीलर यांचा उपचाराशी संबंध नाही, पैसे वाचव.

आता तुझ्या भावाचं. झोप उलटी झालीय, जेवण कमी झालंय, माणसं टाळतोय, आणि हे पाच महिने. माझ्या मते आधी मानसोपचारतज्ज्ञाला एकदा दाखवा. औषध मिळेलच असं नाही, पण थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ यातलं काही बिघडलं की माणूस असाच गळून जातो, ते आधी बघून घेतात. मग ते स्वतःच सायकॉलॉजिस्टकडे पाठवतात. बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, शेजारी आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे, तिथे डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर सगळे एका आवारात भेटतात. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही मानसोपचाराची ओपीडी असते.

एक विचारते, राग मानू नको. तो मरणाबद्दल काही बोलतो का? "मी नसलो तर बरं" असलं? थेट विचार त्याला. विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. तसं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, सरळ कॅज्युअल्टीत न्यायचं. आणि रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास.

अबोली_फोंडा
केवडाताई, विचारलं काल रात्री. हात थरथरत होते माझे. म्हणाला तसं मनात येत नाही, पण "कशाचंच काही वाटत नाही." हे जास्त वाईट की कमी ते मला कळलं नाही.

केवडा
विचारलंस हे मोठं काम केलंस. "काही वाटत नाही" हे डॉक्टरला जसंच्या तसं सांग, त्याच शब्दांत. आणि अधूनमधून पुन्हा विचारत राहा, एकदाच विचारून सोडू नको.

रापणकार
माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो. तरुण पोरगा दुपारी दोनपर्यंत झोपतो आणि घरातले त्याच्याभोवती पायाच्या बोटांवर चालतात, हे चुकतंय. आमच्या वेळी पहाटे चारला रापणीला, म्हणजे किनाऱ्यावर मासेमारीचं जाळं ओढायला, उठवून नेत, डोकं शांत व्हायला दुसरं काही लागत नसे. कुणासमोर तासभर बसून बोलून काय होणार? कामाला लावा, चार माणसांत न्या, आपोआप सुटेल.

डिचोलीचो_ट्रक
रापणकार काका, तुमचं निम्मं पटतं मला, ते निम्मं कुठलं ते सांगतो.

२०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा खनिज वाहणारे आमचे दोन ट्रक दारात उभे राहिले. बँकेचा हप्ता चालूच. बाबा तेव्हा ५२ वर्षांचे. रोज सकाळी सात वाजता अंघोळ करून, शर्ट घालून ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसत, इंजिन चालू करत, दहा मिनिटं तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसत आणि बंद करून घरात येत. वर्षभर हेच. मग ट्रकवर माडाचे झाप पडले तरी झाडेनासे झाले. मग दारू. आम्ही सगळ्यांनी तेच केलं जे तुम्ही सांगताय, काका. कुणी म्हणालं भुसारी दुकान घाला, कुणी म्हणालं बागायतीत लक्ष घाला, मामा तर दोन दिवस येऊन ओरडून गेला. त्यांना काम दिसत होतं, पण उठायला अंगात काही उरलंच नव्हतं. ओरडा खाल्ला की आणखी खाली जात.

शेवटी हेल्थ सेंटरच्या डॉक्टरने, तेही डायबेटिससाठी गेलो असताना, विचारलं की झोप कशी आहे. त्या एका प्रश्नावर बाबा रडले. मी तेव्हा २४ वर्षांचा, बाबांना रडताना पहिल्यांदा बघितलं. तिथून समुपदेशनाला पाठवलं. एक बाई येत, आमच्याच बाजूच्या, साध्या. त्यांनी वही दिली. त्यात उद्या काय करणार ते एकच काम लिहायचं आणि केल्यावर मन कसं होतं त्याला शून्य ते दहा मार्क द्यायचे. पहिल्या आठवड्यात काम होतं "सांजेला देवळापर्यंत चालत जाणे." बाबांनी मार्क दिला २. दुसऱ्या आठवड्यात झाप झाडले, ४. ती वही अजून आहे माझ्याकडे. तर काम लागतंच काका, पण किती आणि कुठून सुरू करायचं हे ठरवायला बाजूला कुणीतरी बसलेलं लागतं, आणि ते न ओरडता.

खाणी मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद पडल्या, तेव्हा एक ट्रक आम्ही विकला. बाबा तेव्हा टिकले.

रापणकार
वाचलं, दोनदा वाचलं. ओरडण्याबद्दल मी मागे घेतो. माझ्या थोरल्या भावाचं आठवलं, त्याला कुणी असं वही घेऊन बसलं नाही.

जुई_पेडणे
माझा अनुभव वाईट आहे पण सांगते म्हणजे कुणी फसणार नाही. बारावीनंतर मला घाबरल्यासारखं व्हायचं, बसमध्ये श्वास अडकायचा. घरच्यांनी एका कौन्सेलरकडे नेलं, नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी मी एका मुलाबद्दल सांगितलं आणि संध्याकाळी आईला सगळं माहीत होतं. दुसऱ्या वेळी बाईंनी मला एक तास देवाचं करायला सांगितलं आणि आईला सांगितलं हिचं लवकर बघा. मी पुढची चार वर्षं कुणाकडेच गेले नाही, तो श्वास अडकणं तसंच घेऊन कॉलेज केलं. शेवटी दुसरीकडे गेले तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत तिने स्वतःहून सांगितलं की तू बोलशील ते या खोलीत राहील, कुठल्या परिस्थितीत मला बाहेर सांगावं लागेल तेही आत्ताच सांगते. तिथेच मला रडू आलं. पॅनिक अटॅक हे नाव मला तेव्हा कळलं. बारा सेशन झाली. आता म्हापशाहून पणजीला बसने रोज जाते, उभी राहून.

अबोली, पहिला माणूस पटला नाही तर सोडून दुसरा बघा. भावाला हे आधीच सांगून ठेव, नाही तर एक वाईट निघाला की तो म्हणेल हे सगळं असंच असतं.

पाटो_वकील
जुईच्या मुद्द्यावर. २०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम २३ प्रमाणे उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क आहे, त्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय इतरांना देता येत नाही. अपवाद आहेत, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असला, कोर्टाने मागितलं, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर पोक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे. भाऊ २७ चा, सज्ञान आहे. त्याने "सांगा" म्हटलं तरच डॉक्टर ताईला सांगतील, आणि हे ताईंनीही मनाशी धरून ठेवायला हवं. फी भरली म्हणून आत काय झालं ते विचारायचा हक्क मिळत नाही.

त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. पण आपल्या बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे नुसत्या सेशनची फी खिशातूनच जाते. पॉलिसीत ओपीडी आहे का ते वाचा.

निवृत्त_मास्तर_मडकई
माझ्या पत्नीच्या मनात एकच भीती होती, की हे समुपदेशनवाले लोक भूल घालून, म्हणजे संमोहनाने झोपवून, पोटातली गुपितं काढून घेतात. ती जायला तयार नव्हती. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारचा तो पुतळा सगळ्यांनी बघितलाय, झगा घातलेला पाद्री दोन्ही हात पुढे करून उभा आणि समोर बाई कोसळतेय. लहानपणी आम्हाला वाटायचं हा तिला मारतोय. तो आबे फारिया, संमोहन करणारा पाद्री, कांदोळीला १७५६ साली जन्मलेला. पुतळा १९४५ चा, आमच्या मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, म्हणून आम्हाला त्याचं जरा जास्तच प्रेम.

तर त्या फारियाने पॅरिसमध्ये त्या काळात काय सांगितलं? बाकीचे म्हणत की आमच्या अंगातून चुंबकासारखी शक्ती निघते आणि माणूस झोपतो. हा म्हणाला, माझ्यात काही शक्ती नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडतं. दोनशे वर्षांपूर्वी, आपल्या बार्देसच्या माणसाने. हे मी पत्नीला त्या पुतळ्यासमोरच्या बाकावर बसून सांगितलं, नदीवरचं वारं खात, आणि तिथूनच आम्ही रिक्षा करून गेलो. आत भूलबिल काही नव्हती, दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या. तिने सांगितलं तेवढंच त्यांनी ऐकलं.

सोलकढी
मास्तर, मस्त लिहिलंत. "कातर रे भाजी" याच फारियाच्या बापाचं ना? लिस्बनच्या राजवाड्यात फारिया प्रवचनाला उभा राहिला आणि समोर दरबारी बघून शब्दच फुटेना, तेव्हा मागून बाप कुजबुजला की ही सगळी भाजी आहे, काप. घरी आम्ही परीक्षेला जाताना आज्जी हेच म्हणायची.

निवृत्त_मास्तर_मडकई
तोच. अशीच सांगतात ती गोष्ट.

पाटो_वकील
सोलकढी, आता कोर्टात उभा राहिलो की मला भाजीच दिसणार आहे सगळी.

बोरीपूल
मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत, आरसीआय नंबर नसेल तर पायरी चढू नका. नंबर विचारायला लाज कसली, आरसीआयच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. गवंडी लावताना आपण दहा घरं बघून येतो आणि इथे मनाचं काम आहे तरी विचारत नाही.

केवडा
बोरीपूल, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला नंबर विचाराच, शंभर टक्के. पण सगळ्यांनाच तो नियम लावला तर डिचोलीच्या बाबांकडे आलेली ती बाई बाद होईल. समुपदेशक आरसीआयच्या त्या यादीत असतीलच असं नाही, त्यांच्या नोंदणीची तरतूद २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात केलीय.

आणि हे आपल्याच गोव्यातलं आहे म्हणून मुद्दाम सांगते. संगाथ ही संस्था इथे १९९६ पासून काम करते. त्यांनी आपल्या हेल्थ सेंटरांमध्ये साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना नीट शिकवून समुपदेशनाला बसवलं. सहा ते आठ भेटी, बहुतेक वेळा वहीतल्या कामांचंच. पाचशेच्या आसपास पेशंट होते, सगळे बऱ्यापैकी तीव्र ते खूप तीव्र डिप्रेशनचे. तीन महिन्यांनी बघितलं तर ज्यांना हे समुपदेशन मिळालं त्यांतले जास्त लोक बरे झालेले होते. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आता इतर देशांतही हे शिकवतात. पण त्या माणसांना शिकवलेलं होतं, त्यांच्यावर दर आठवड्याला देखरेख होती, आणि जड केस वर पाठवायची हे ठरलेलं होतं. म्हणून पदवी नसलेल्या समुपदेशकाला मी दोन गोष्टी विचारते: तुम्ही कुणाच्या देखरेखीखाली काम करता, आणि तुमच्या हाताबाहेरची केस आली तर कुणाकडे पाठवता? "माझ्या हाताबाहेर काही नाही" असं म्हणाला तर चपला घालायच्या.

बोरीपूल
हे मला माहीत नव्हतं. दुरुस्ती मान्य.

तारवटी_नुवें
अबोलीबाय, मी स्वतः अकरा वर्षं जहाजावर होतो म्हणून लिहितो. भावाची खरी भीती गावाची आहे की मेडिकलची ते विचारा. आमच्यात सगळे याच भीतीने गप्प बसतात की डॉक्टरकडे गेलो तर परत बोलावणार नाहीत. डीजी शिपिंगचे, म्हणजे सरकारच्या जहाज वाहतूक खात्याचे, मान्यताप्राप्त डॉक्टर मेडिकल करतात, सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, आणि ते मनाच्या तब्येतीबद्दलही विचारतात हे खरं आहे. पण ते बघतात तो आता काम करायला फिट आहे की नाही. मी झोपेसाठी आणि घाबरण्यासाठी आठ महिने उपचार घेतले, डॉक्टरांकडून लेखी घेतलं, परत गेलो. माझं झालं म्हणून सगळ्यांचं होईल असं नाही, पण लपवून तसाच चढलेला माणूस मी बघितलाय. खाली केबिनला खिडकी नाही, बारा-बारा तास ड्युटी, आणि मधल्या समुद्रात कुठे जाणार? त्याला त्याच्या डॉक्टरशी हे उघड बोलायला सांगा, मी परत जहाजावर जाऊ शकेन का, हा त्याचा पहिला प्रश्न असू दे.

अबोली_फोंडा
तारवटीबाब, तुमचं मी त्याला वाचून दाखवलं. काही बोलला नाही, पण फोन माझ्या हातातून घेऊन स्वतः परत वाचलं.

घुमटी
भाषेचं कुणीच बोललं नाही. मी पहिल्यांदा ऑनलाइन सेशन घेतली ती बाई इंग्लिश आणि हिंदी बोलायची. हुशार होती, पण मी आमच्या घरच्या कोंकणीत "म्हजें मन लागना" म्हणायचो त्याला इंग्लिशमध्ये काय म्हणू? बोअर होतं म्हटलं तर तिने ते बोअर होणं म्हणूनच लिहून घेतलं. आपण वाचतो मराठी, ऑफिसात इंग्लिश, पण जीव घुसमटतो तो कोंकणीतच. आता ज्यांच्याकडे जातो ते म्हार्दोळचे, पहिल्याच वाक्याला त्यांना कळलं. फोन करताना विचारून घ्या की कोंकणी-मराठी चालेल का.

आणि ऑनलाइन घेणार असाल तर जागा. आमच्या घराच्या भिंती वरपर्यंत नाहीत, मधे छपराचे नळे दिसतात, इकडचं तिकडे ऐकू जातं. मी गाडी नेऊन मैदानाच्या कडेला लावायचो आणि काचा वर करून बोलायचो. पावसात बरं, टपावरच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही.

जुई_पेडणे
घुमटी, गाडीतलं मीही केलंय! फक्त मे महिन्यात करू नका, तासाभरात भाजून निघतो माणूस.

सोलकढी
औषधाचं सांगा ना कुणीतरी. माझी बहीण म्हणते एकदा सुरू केलं की जन्मभर सुटत नाही.

केवडा
दोन वेगळी औषधं लोक एकत्र करतात म्हणून ही भीती. डिप्रेशनवर आज बहुतेक जी देतात त्या एसएसआरआय गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, आणि गंमत म्हणजे पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा हेच आधी जाणवतं. म्हणून लोक पाचव्या दिवशी सोडतात आणि म्हणतात लागू पडलं नाही. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. मनाने एकदम थांबवायचं नाही, चक्कर येते, करंट लागल्यासारखं होतं. तरुण मुलांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं, मन जास्तच बिघडल्यासारखं वाटलं तर लगेच डॉक्टरला फोन.

सवय लागते ती अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या-घाबरण्याच्या गोळ्यांची. त्या डॉक्टर थोडे दिवस देतात, गरज असते तेव्हा. पण आपल्याकडे शेजारीण शेजारणीला देते, "अर्धी घे, बरी झोप लागते." वॉर्डात मी असल्या बायका बघितल्यात, सात-सात वर्षं अर्धी घेणाऱ्या. ते नको.

डिचोलीचो_ट्रक
पैशांचं राहिलं. आमचं सरकारीत झालं, खर्च आला तो बसचा आणि बाबांच्या रसऑमलेटचा, कारण येताना ते खाल्ल्याशिवाय घरी यायचे नाहीत. नंतर माझ्या बायकोला बाळंतपणानंतर त्रास झाला तेव्हा खासगीत गेलो, एका सेशनचे १,२०० घेत, पाऊण तास. आधीच विचारा की अपॉइंटमेंट चुकली तर पैसे कापतात का, आम्हाला ते नंतर कळलं. आणि दहा सेशनचं पॅकेज आधी भरा म्हणणाऱ्यापासून जरा जपून.

अबोली_फोंडा
तीन आठवड्यांनी लिहितेय, तुम्ही सगळे वाट बघत असणार.

गेलो. बांबोळीलाच. फोंड्याहून पणजी आणि पणजीहून दुसरी बस, सकाळी साडेसहाला निघालो. बसमध्ये एक शब्द बोलला नाही, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बसला. केसपेपरच्या लाइनीत आमच्या बाजूच्या गावातला एक माणूस भेटला, मला धस्स झालं. तो हसला आणि म्हणाला, "मी दर महिन्याला येतो, त्या बाकावर पंख्याखाली बसा, नंबर यायला वेळ आहे." बस, एवढंच. घरी येईपर्यंत भाऊ त्याच माणसाबद्दल बोलत होता.

डॉक्टरने आधी त्याला एकट्यालाच आत घेतलं, अर्धा तास तरी झाला असेल. मग त्याला विचारून मला बोलावलं. "कशाचंच काही वाटत नाही" हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. जहाजाचंही विचारलं, डॉक्टर म्हणाले आधी झोप लावू, सहा महिन्यांनी बोलू. रक्त तपासलं, बी१२ बरंच कमी निघालं, त्याचीही गोळी आहे. रात्रीची एक गोळी सुरू झाली, पहिले चार दिवस मळमळत होतं, केवडाताईंचं लिहिलेलं दाखवलं म्हणून गोळी सोडली नाही. सायकॉलॉजिस्टकडे दोनदा जाऊन आलाय, त्या कोंकणीत बोलतात. आता साडेबाराला झोपतो. जेवण तसंच आहे. घुमट खुंटीवरच आहे, आई रोज त्याच्याकडे बघते पण काही म्हणत नाही, म्हणायचं नाही असं मी तिला शपथ घालून सांगितलंय.

माझा नवीन प्रश्न. तो खोलीतून बाहेर येतो आणि मला काहीच सांगत नाही. परत येताना पणजीच्या स्टँडवर लिंबूसोडा पितो आणि गप्प. वकीलसाहेबांनी लिहिलं ते पटतं, पण मी बाहेर तासभर बसून असते आणि पोटात कालवतं माझ्या. काय करू?

केवडा
सोडा प्यायला थांबतो ना, तो तुझ्यासाठीच थांबतो. शेजारी उभी राहून तूही पी. आत काय झालं ते विचारू नको, रात्री काय जेवणार ते विचार. आणि तुला जे पोटात कालवतं ते तूही कुणाजवळ बोल, तिथल्या सोशल वर्करना सांग की मलाही दहा मिनिटं हवीत. घरच्या माणसांशी बोलणं हेही त्यांचं काम आहे, तू काही जास्तीचं मागत नाहीस.

रापणकार
बी१२ साठी बांगडे खाऊ घाल. हे तरी माझं बरोबर असेल.

केवडा
बरोबर आहे काका. गोळीसोबत.

म्हादई
मी पहिल्या दिवसापासून वाचतेय, काही लिहिलं नाही. माझं भावाचं वगैरे नाही, माझंच आहे. नवरा कामाला गेला की उद्या दुपारी फोन लावते. १४४१६ ना? पण लावल्यावर सुरुवात काय करू?

केवडा
हो बाय, १४४१६. काय बोलायचं कळत नाही, एवढंच सांग. पुढचं ते विचारतात. आणि दुपारपर्यंत थांबवत नसेल तर आत्ताही लाव, रात्रीसुद्धा उचलतात.